अंबाडी नाक्यावरून साहित्यनगरीकडे

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा आरंभ १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ग्रंथकारांच्या मेळाव्यापासून धरला जातो; परंतु संमेलनस्थळी पोहोचताना सामान्य वाचकाचे जे हाल होतात, त्यांना अध्यक्षीय भाषणांत क्वचितच जागा मिळते. भिवंडी तालुक्यातील अंबाडीच्या बाबतीत ही उणीव भरून काढण्याची संधी ३ ते ५ फेब्रुवारी २०१७ रोजी आली. नव्वदावे संमेलन आगरी यूथ फोरमच्या यजमानपदाखाली डोंबिवलीत भरले आणि एरवी रात्रभराच्या प्रवासाचा विषय असलेले साहित्य अंबाडीकरांच्या एसटीच्या टप्प्यात आले.

या प्रवासाचा खरा नायक कुमार वाचक होय. कुमार वाचक म्हणजे साधारण १२ ते १६ या वयाचा, परीकथा संपवून बसलेला आणि आत्मचरित्रांपर्यंत न पोहोचलेला वाचक. त्याच्या वयाविषयी अधिकारी संस्थांत एकमत नाही. एसटी महामंडळाच्या लेखी बारावे वर्ष उलटताच अर्धे तिकीट संपते, म्हणजेच प्रौढत्व प्राप्त होते. साहित्यविश्व मात्र त्याच प्रौढाला बालमेळाव्यात, सशाचा मुखवटा घातलेल्या पहिलीतल्या मुलाशेजारी बसवते. वाहक हा तात्त्विक पेच ओठांवरची लव पाहून क्षणात सोडवतो, ही गोष्ट परिसंवादांच्या संयोजकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. (मुलींपुरता हा वाद २०२३ साली मिटला, त्या वर्षापासून एसटीत सर्वच महिलांना निम्मे भाडे लागू झाले.)

अंबाडी नाका म्हणजे भिवंडी-वाडा मार्गावरील ते ठिकाण, जेथून वज्रेश्वरी आणि गणेशपुरीकडे जाणारा रस्ता फुटतो. त्यामुळे सकाळी पिशवी घेऊन उभा असलेला कोणीही मनुष्य देवीला किंवा गरम पाण्याच्या कुंडांना निघाला आहे, असे शेअर रिक्षावाले गृहीत धरतात आणि त्याचे मत विचारण्यापूर्वी त्याला आत बसवू पाहतात. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांनी वसई जिंकण्यासाठी बोललेल्या नवसाशी जोडले जाते, आणि १७३९ साली वसई पडली. कुमार वाचकाचा नवस त्यामानाने किरकोळ असतो: पुस्तकावर वीस टक्के सवलत मिळावी आणि ती मिळाल्यावर परतीच्या भाड्याला पैसे उरावेत. तरीही आपण उलट्या दिशेला, पुस्तके पाहण्यासाठी निघालो आहोत, हे त्याला रिक्षावाल्याला पटवून द्यावे लागते, आणि ते पटत नाही.

पुढचा रस्ता खड्ड्यांसाठी विख्यात आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आणि तिचा तालुका हे गोदामांचे आगर असल्याने एसटी मालवाहू कंटेनरांच्या रांगेत सापडते. ऑनलाइन मागवल्या जाणाऱ्या वस्तूंचे, त्यात पुस्तकेही आली, साठे याच तालुक्यात असतात. म्हणजे अंबाडीचा वाचक ज्या पुस्तकासाठी भिवंडी ओलांडून कल्याणमार्गे डोंबिवली गाठतो, ते कदाचित वाटेतल्याच एखाद्या पत्र्याच्या छपराखाली खोक्यात स्वस्थ पडलेले असते. पण गोदामाच्या दारात उभे राहून ते चाळता येत नाही, त्यामुळे प्रवास अटळ ठरतो.

सावळाराम महाराज क्रीडा संकुलातील मांडवात शिरल्यावर अंबाडीचा वाचक मुख्य मंडपाकडे न जाता ग्रंथप्रदर्शनाकडे वळतो. ग्रंथप्रदर्शन म्हणजे प्रकाशकांच्या गाळ्यांची रांग; तेथे वक्ता नसतो आणि बसावे लागत नाही. गाळेवाला त्याला पाहताच प्रथम चित्रांची जाड पुस्तके पुढे करतो, मान हललेली दिसताच दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचांकडे बोट दाखवतो, आणि या दोहोंच्या मध्ये काही असू शकते हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ जातो. वास्तविक त्या मधल्या जागेत भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या फास्टर फेणेला वीस पुस्तके पळवले आहे, आणि ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून त्याच वयाशी बोलत आले आहे. तरी ही पुस्तके गाळ्यात बहुधा खालच्या फळीवर असतात. ती शोधण्यासाठी कुमार वाचकाला गुडघ्यांवर बसावे लागते, त्यामुळे मांडवातून जाणाऱ्या साहित्यिकांचा, आपल्याला कोणी तरी वाकून नमस्कार करीत आहे, असा गैरसमज होतो. तो दूर करण्याची घाई उभय पक्षी कोणी करीत नाही.

परतीच्या एसटीत नवे पुस्तक लगेच उघडले जाते, पण रस्त्याच्या धक्क्यांमुळे डोळा दर वेळी दोन ओळी वर किंवा खाली पडतो, आणि कथानकातील चोर पकडला जाण्यापूर्वीच त्याला शिक्षा होते. शेजारच्या आसनावरील, मांडीवर भाजीची पिशवी धरलेल्या मावशी बराच वेळ हे पाहून अखेर विचारतात, “परीक्षेचं हाय का रं?” महिना फेब्रुवारीचा, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली, आणि मावशी बहुधा आईच्या ओळखीच्या असतात. कुमार वाचक मुखपृष्ठ मांडीवर उलटे करतो आणि म्हणतो, “हो मावशी, इतिहासाचं.”