कायमचा पत्ता

निशी-कासाई, टोक्यो
ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि बाबा यांना,

व्हिडिओ कॉलवर आई फोन असा धरते की मला अर्धा वेळ आपल्या हॉलचा पंखा दिसतो. बाबा "अर्जाचं काय झालं?" असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत दूधवाल्याशी बोलायला निघून जातात. म्हणून हे रीतसर पत्र. शिवाय बाबा, तुमची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. या प्रकरणाची खरी चव तुम्हालाच कळेल, आईला ते वाचून दाखवा.

तर अर्ज दिला. जपानमध्ये कायम राहू द्या असा, स्वतः जाऊन, खिडकीवर उभं राहून आणि पोच घेऊन.

एवढी घाई का, हे आईने परवाही विचारलं. इथला सरधोपट नियम असा, की दहा वर्षं देशात राहा, त्यातली पाच नोकरीच्या व्हिसावर काढा, मग कायमचं बोला. पण २०१२ साली सरकारने कुशल परदेशी माणसांसाठी गुणपद्धत आणली. ७० गुण असले तर ३ वर्षांनी अर्ज करता येतो. २०१७ पासून ८० गुणवाल्यांना एकाच वर्षात मुभा आहे. माझी गुणपत्रिका अशी: एम.ई.चे २०, दहा वर्षांच्या अनुभवाचे २०, पगाराचे २५, जपानीच्या एन-टू परीक्षेचे १०, वयाचे ५. बेरीज ८०. म्हणजे काठावर पास. आई, हे गल्लीत सांगायचं असेल तर नुसतं "पास" सांग.

त्यातले वयाचे ५ फार लागले मनाला. तिशीच्या आत १५, पस्तिशीच्या आत १०, चाळिशीच्या आत ५, आणि चाळिशी गाठली की भोपळा. बरं, तेवढ्यावरही भागत नाही. माझा पगार वर्षाला ७० लाख येनच्या वर आहे, पण ८० लाखांच्या खाली. या पगाराला चाळिशीच्या आत २५ गुण मिळतात आणि चाळिशीनंतर एकही नाही. म्हणजे तीच बाई, तीच खुर्ची, तोच पगार, आणि डिसेंबरात केक कापला की रातोरात ३० गुण गायब! तुम्ही माझ्या जन्माची तारीख एक वर्ष पुढची लावली असती तर काय बिघडलं असतं, असं मी इथल्या सरकारी तक्त्यासमोर बसून मनात म्हणाले. आपल्याकडे निम्म्या गावाची जन्मतारीख एक जून असते. शाळेत नाव घालणाऱ्या त्या गुरुजींची दूरदृष्टी मला आत्ता कळली.

कागदांचं ऐका. बाबा, तुम्ही खूश व्हाल. रहिवासाचा दाखला इथे कोपऱ्यावरच्या किराणा-दुकानातल्या यंत्रातून निघतो. कार्ड ठेवायचं, आकडे दाबायचे, पैसे टाकायचे. सकाळी साडेसहा ते रात्री अकरा, कधीही. तलाठी जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला आहेत, असं काही नाही. मी ब्रेड, दूध आणि कुटुंबाचा रहिवासी दाखला एकाच पिशवीत घेऊन घरी आले. तुमच्या काळात असं यंत्र निघालं असतं तर तुमच्या टेबलासमोरची गर्दी गेली असती हे खरं, पण मग चहा कोणी पाजला असता?

त्यानंतर रहिवासी कराचे दाखले, कर किती लागला त्याचा एक आणि तो भरला त्याचा दुसरा. मग पेन्शनची नोंद, आरोग्यविम्याची नोंद, कंपनीचं पत्र, बँकेचं पुस्तक. इमिग्रेशनवाल्यांचं बारीक लक्ष कर भरला का यावर असतंच, पण त्याहून जास्त असतं तो मुदतीत भरला का यावर. पेन्शनचा एखादा हप्ता उशिरा गेला तर नंतर दंडासकट भरला तरी तो डाग राहतो. तुमचे जावई दोन नोकऱ्यांच्या मध्ये काही काळ घरी होते, तेव्हाचे हप्ते त्यांना स्वतः भरावे लागले. त्यांनी ते तारखेच्या आधी भरून पावत्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. लग्न ठरवताना बाबा म्हणाले होते, "मुलगा जरा जास्तच काटेकोर आहे." बाबा, शब्द मागे घ्या.

सगळ्यात गोड दाखला कर कार्यालयाचा. त्यात पाच प्रकारचे राष्ट्रीय कर थकलेले नाहीत असं लिहून मिळतं. त्यात एक वारसा कर आणि एक बक्षीस कर. म्हणजे मी वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवरचा कर बुडवलेला नाही, याला जपान सरकार साक्ष आहे. तुम्ही अजून काही दिलेलंच नाही, हे मी तिथे बोलले नाही.

मग नावाचा घोळ. माझी पदवी माहेरच्या नावाने, आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं. पासपोर्ट सासरच्या नावाने, मध्ये ह्यांचं नाव. इथे दवाखान्यात मधलं नाव कोणाचं असतं हे कोणाला ठाऊक असणार? नर्स बाई बऱ्याचदा ह्यांच्या नावाने हाक मारते आणि मी निमूट उठून आत जाते. अर्जासोबत मी एक पानभर खुलासा जोडला, की ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, त्यांतले दोन पुरुष अनुक्रमे तिचे वडील आणि नवरा आहेत. जपानीत तो खुलासा इतका नम्र झाला की वाचून वाटावं, लग्न केल्याबद्दल मी क्षमा मागते आहे.

कायम का राहायचं आहे त्याचं कारण सांगणारं पत्रही द्यावं लागतं. बाबांनी हौसेने मसुदा पाठवला होता: "महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करण्यात येतो की..." बाबा, खरं सांगते, तो जसाच्या तसा उपयोगी पडला. फक्त जपानीत आणावा लागला. जगातल्या सगळ्या कचेऱ्या मनातून एकच भाषा बोलतात, हे मला त्या रात्री कळलं. "अर्जदार कुटुंबवत्सल असून" तेवढं मी काढलं, कारण चिरंजीव शेजारच्या खोलीत माझा ओरडा खाऊन रडत होता.

आता जामीनदार. हा शब्द ऐकला की बाबांच्या पोटात गोळा येतो. पतपेढीत तुम्ही काकांना जामीन राहिलात आणि हप्ते पुढे कोणी भरले, हा विषय आपल्याकडे अजून दर गणपतीत निघतो. जपानी माणूसही जामीन म्हटलं की तसाच दचकतो. आणि इथे जामीनदार एक तर जपानी हवा, नाही तर कायम वास्तव्य मिळालेला परदेशी. माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या साहेबांना विचारलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, रात्रभर ठेवून घेतला, बायकोला दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सही केली. यात पैशाची कायदेशीर जबाबदारी येत नाही, नैतिक तेवढी येते, असं सरकारच सांगतं. बाबा म्हणतील, नैतिक जबाबदारी असती तर काकांनी हप्ते भरले असते! असो.

शिनागावाच्या इमिग्रेशन कचेरीत कोणी हौसेने जात नाही. स्टेशनच्या कोनान बाजूने बस सुटते. बसमधल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पारदर्शक फोल्डर आणि चेहऱ्यावर दहावीच्या निकालाची सकाळ. नेपाळी, व्हिएतनामी, चिनी, ब्राझीलचे, आणि तिघांचे तीन अर्ज घेतलेलं आपलं सांगलीचं कुटुंब. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, चिरंजीवाचाही. फोटो मात्र सोळाच्या आतला म्हणून त्याला लागला नाही. त्यामुळे चार सेंटिमीटर बाय तीनच्या चौकटीत त्याला हलू न देता बसवण्याचं संकट टळलं. कचेरी नऊला उघडते, रांग त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते. इमारतीच्या वरच्या मजल्यांवर, ज्यांना देशाबाहेर घालवायचं आहे त्यांना कोंडून ठेवण्याची जागा आहे, आणि खाली आम्ही, कायमचे होऊ पाहणारे. हे रांगेतच मला आठवलं आणि मी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून तपासली.

मी मुलाखतीची तयारी करून गेले होते. जपानबद्दल काय आवडतं, निवृत्तीनंतर कुठे राहणार, सगळी उत्तरं पाठ. खिडकीवरच्या बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. पेन्सिलीने यादीवर खुणा केल्या, दाखल्यांवरच्या तारखा बघितल्या (तीन महिन्यांहून जुना कागद चालत नाही), फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे अर्धा सेकंद पाहिलं. स्वतः या म्हणतात ते तुम्हाला बघायला नव्हे, कागद चालत येत नाहीत म्हणून. मग एक लेखी कबुलीही घेतात, की निकाल लागेपर्यंत नोकरी, पत्ता, घरची माणसं यांत काही बदल झाला तर लगेच कळवीन. आणि पोच दिली. बाबा "साहेब काय म्हणाले?" असं विचारत होते ना? साहेब म्हणाले, "थांबा."

किती थांबायचं? कागदावर काही महिने, पण टोक्योत वर्ष किंवा त्याहून जास्त लागल्याचं इथली मंडळी सांगतात. तोवर आत्ताचा व्हिसा संपला तर तो वेगळा वाढवून घ्यायचा. फी मात्र आधी नाही. मंजूर झालं तरच महसुली तिकीट लावायचं. ते पूर्वी ८,००० येनचं होतं, २०२५ च्या एप्रिलात १०,००० झालं. बाबांना यात काही तरी चुकल्यासारखं वाटेल. काम झाल्यावर पैसे, आणि तेही खिडकीवर!

मिळालं तरी आम्ही जपानी होणार नाही, आईने घाबरू नये. पासपोर्ट भारताचाच राहतो, मत देता येत नाही. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले, पण त्यांनी आधी नागरिकत्व घेतलं होतं. आणि कायम म्हणजे तरी किती? कार्ड मुदतीचंच, मग नवं करायचं. वेगळा परवाना न घेता देशाबाहेर वर्षाहून जास्त राहिलं की कायमचं संपलं. २०२४ च्या कायद्याने तर मुद्दाम कर बुडवणाऱ्याचं कायम वास्तव्य काढून घेण्याचीही सोय केली आहे.

आता जे फोनवर बोलायचं टाळत होते ते. माझ्या आत्ताच्या व्हिसावर, म्हणजे गुणांच्या व्हिसावर, आईवडिलांना इथे राहायला आणता येतं. घरात सात वर्षांच्या आतलं मूल हवं, नवराबायकोचं मिळून उत्पन्न ८० लाख येन हवं, एका घरात राहायला हवं. हे सगळं आपल्याकडे आहे. पण कायम वास्तव्य मिळालं की ही सवलत बंद. कालपर्यंत तात्पुरती होते तोवर आईबाप आणू शकत होते. उद्या कायमची झाले की त्यांनी पाहुणे म्हणून यायचं. चिरंजीव तर फेब्रुवारीत सात पूर्ण करतोय, म्हणजे दार दोन्ही बाजूंनी लागतंय.

मग आधीच का नाही आणलं? कारण पुढची अट अशी: दोघांपैकी एकाच्याच आईवडिलांना आणता येतं. माझे किंवा ह्यांचे. हे वाचल्यावर तुमचे जावई म्हणाले, "तू ठरव, व्हिसा तुझा आहे." मी म्हटलं, "तुम्ही ठरवा, आईवडील तुमचेही आहेत." असा नम्रपणा आम्ही गेलं वर्षभर एकमेकांना दाखवतो आहोत. कोल्हापूरला सासूबाई म्हणाल्या, "आधी त्यांना बोलवा, नातवाला आजोळचा लळा हवा." हे ऐकून आई म्हणाली, "आधी त्यांना बोलवा, लेकीच्या घरी आम्ही महिनोन्महिने राहायचं का?" दोन विहिणी एकमेकींना पुढे करत राहिल्या आणि मुलगा मोठा झाला. जपानच्या सरकारने हा नियम कोणाचा तरी संसार बघून केला असेल, अशी मला दाट शंका आहे.

तर ठरवलं ते असं. दोन्हीकडच्यांनी पाहुणे म्हणूनच यायचं, ९० दिवसांच्या व्हिसावर, आळीपाळीने. तुम्ही मार्चच्या शेवटी या, चेरी फुललेली असेल. सासूबाई-मामंजी शरदात येतील. आंबे आणू नका, पिशवीतून आणलेलं ताजं फळ विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ताही नको. कुरडया, मेतकूट आणि कांदा-लसूण मसाला चालेल, दोन किलो.

आणि एक काम तातडीचं. या व्हिसासाठी मला तुमचा ९० दिवसांचा कार्यक्रम तारीखवार भरून द्यायचा आहे. बाबांचा रकाना सोपा होता: सकाळी नदीकाठी चालणे, दुपारी वर्तमानपत्र, नातवाला शाळेतून आणणे, जवळची कचेरी पाहणे. आईच्या रकान्यात मी "विश्रांती" असं लिहिलं, तर हे म्हणाले, "खोटी माहिती दिली तर व्हिसा नाकारतात." तेव्हा आई, तू इथे ९० दिवस काय करणार आहेस ते फोनवर न सांगता लिहून पाठव. बाबांना मसुदा करायला सांगू नकोस.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, माझा जन्मदाखलाही पाठवा, तुम्ही माझे वडील आहात हे सिद्ध करायचं आहे. त्यावर माझं नाव "बेबी" असं असेल तर आधी नगरपालिकेत जाऊन या.