बिनदाखला रुजू

(मिरजगाव. नगर–सोलापूर रस्त्यालगतचे चहाचे दुकान. सूर्योदयास अवकाश आहे. पोलीसभरतीचा उमेदवार बुटाची नाडी आवळीत आहे. महसूल खात्यातील निवृत्त अव्वल कारकून बशीवरून त्याची तपासणी करीत आहेत.)

कारकून : परवापर्यंत गोधडीत कण्हत होतास, आणि आज धावायला? ज्वर उतरल्याचा पंचनामा कोणी केला?

उमेदवार : साधा व्हायरल होता, नाना. काल सकाळपासून अंग गार आहे. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत आले तरच २० पैकी २० गुण. बसून राहिलो तर दम जाईल सगळा.

कारकून : अंग गार राहिले ते स्वबळावर, की गोळीच्या वशिल्याने?

उमेदवार : रात्री एक पॅरासिटामॉल घेतली होती.

कारकून : म्हणजे पुरावाच बनावट! अरे, आमच्या कचेरीत आजारपणाची रजा भोगून आलेल्या मनुष्याला, केवळ खुर्चीत बसून कागदांस टाचणी लावण्यासाठीसुद्धा, तो कामास योग्य असल्याचा डॉक्टरी दाखला हजर करावा लागे. आणि ज्याच्या हृदयास मिनिटाला पावणेदोनशे ठोक्यांची सक्तमजुरी होणार, तो तू बिनदाखला रुजू होतोस!

उमेदवार : शेजारच्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमहून स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला, तो शिंक आली म्हणून घरी बसत असेल का?

कारकून : त्याच्यामागे प्रशिक्षक आणि डॉक्टर असतात; तुझ्यामागे या रस्त्यावरची कुत्री. नुसते नाक वाहत असेल तर हलका व्यायाम क्षम्य आहे. परंतु ताप, अंगदुखी वा छातीतला खोकला असेल, तर काम तहकूब, कारण हा विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचून तेथे दाह उत्पन्न करतो, आणि अशा स्नायूवर जबरदस्ती झाली की ठोक्यांची लय बिघडून प्रकरण हाताबाहेर जाते.

उमेदवार : हे तुम्हाला कुठे कळले?

कारकून : दवाखान्यात माझा नंबर येईपर्यंत मी भिंतीवरचे सारे वाचतो, आणि माझा नंबर नेहमी शेवटी येतो. सकाळी अंथरुणात नाडीचे ठोके नेहमी किती भरतात?

उमेदवार : ५५.

कारकून : आणि आज?

उमेदवार : (पुटपुटत) ७०.

कारकून : पंधरा ठोक्यांची थकबाकी! ती फिटेपर्यंत वेगाचे नाव नको. गोळीवाचून एक अहोरात्र ताप नाही असे ठरले, की प्रथम चालणे; मग गप्पा मारता येतील अशी संथ धाव, तीही निम्म्या अंतराची; पुढे अंतर, आणि स्टॉपवॉच सर्वांत शेवटी. मध्येच छातीत दुखले, धडधडले, चक्कर आली, तर थेट ईसीजी. आठवड्याच्या विश्रांतीने दम फारसा घटत नाही.

उमेदवार : आणि भरतीची तारीख?

कारकून : सरकारी तारीख म्हणतोस? ती पुढे ढकलली जाण्याचे काम तुझ्या तापापेक्षा नियमित चालते.

उमेदवार : बरे, मग उद्या ताप नसला तर फक्त चालेन. देखरेखीला तुम्हीही चला की, नाना. तुम्ही रोज किती चालता?

कारकून : (भज्यांची दुसरी प्लेट जवळ ओढीत) माझा प्रस्ताव निवृत्तीपासून विचाराधीन आहे.