अर्ज करण्यास कारण की

लिनक्स या विनामूल्य संगणक-प्रणालीच्या उपासकांनी खेळ-निर्मात्यांच्या दरबारी आजवर जे अर्ज गुदरले, त्यांचा मसुदा सहसा एकच असतो: आम्ही संख्येने अल्प असलो तरी निष्ठेने अनन्य आहोत, सबब आमच्याकरिता स्वतंत्र आवृत्ती काढण्याची मेहेरबानी व्हावी. एखादा निर्माता दयार्द्र होऊन ‘लिनक्सच्या अवतारांपैकी उबुंटू की फेडोरा?’ एवढेच विचारता झाला, की अर्जदारांत आपसांत जे रण माजते, त्याच्या कोलाहलात मूळ अर्जच गहाळ होतो. १९९८ साली निघालेल्या लोकी सॉफ्टवेअर नामक कंपनीने हा अर्ज मनावर घेतला, ‘क्वेक ३’सारखे नामांकित खेळ लिनक्सवर आणले, आणि २००२ साली दुकानाला टाळे ठोकले; निष्ठावंतांपैकी कित्येकांनी त्याच खेळांची विंडोजसाठीची पेटी आधीच खरेदी केली होती. निष्ठा अनन्य खरी, पण धीर बेताचाच.

पुढे २०१८ साली व्हॉल्व्ह या खेळ-कंपनीने प्रोटॉन नामक दुभाष्या नेमला, जो विंडोजसाठी रचलेला खेळ लिनक्सवर परस्पर चालवतो. म्हणजे निर्मात्याने काहीएक न करणे हाच आता सर्वोत्कृष्ट पाठिंबा ठरला असून, ही सेवा रुजू करण्यास बहुतेक निर्माते पूर्वीपासूनच सिद्ध होते. तथापि अर्जदारांचा व्यवसाय बुडाला, असे कोणी समजू नये. ‘फोर्टनाइट’ या खेळाची लबाडी-प्रतिबंधक यंत्रणा लिनक्सवाल्याला उंबरठ्यावरच अडवते, सबब नवा अर्ज तयार आहे; आणि तो लिहिणारे गृहस्थ उत्तराची प्रतीक्षा करीत असता, केवळ वेळ जावा म्हणून, त्याच संगणकात दडवून ठेवलेले विंडोज सुरू करून तोच खेळ खेळताना आढळतात.