आहेर परस्पर स्वीकारला जाईल

लगीनसराई सुरू झाली की फोनवर 'लग्नपत्रिका डॉट एपीके' येते. लग्न कुणाचं, कुणाशी, कुठल्या कार्यालयात, कशाचाच पत्ता नसतो. पाठवणारा मात्र ओळखीचा. सोसायटीचे सेक्रेटरी, मुलीच्या शिकवणीचे सर, नाहीतर नळ गळत होता तेव्हा नंबर घेतलेला प्लंबर. खाली एकच ओळ : 'सहकुटुंब यायचं हं!' आणि आपण ती उघडतो.

एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, अख्खं ॲप, एवढं अँड्रॉइड फोनलाही कळतं. तो बिचारा विचारतो, हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोका आहे, खरंच घ्यायचं? आपण म्हणतो, घे. मग पत्रिका विचारते, तुमचे एसएमएस वाचू? वाच. कॉन्टॅक्ट बघू? बघ. पाहुण्यांचे एसएमएस वाचणारी पत्रिका आजवर कुठल्या छापखान्यातून निघाली, हा प्रश्न कुणालाच पडत नाही, कारण आपण जेवणाची वेळ शोधत असतो.

छापील पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असतं, तरी लोक पाकीट नेतात. ही पत्रिका असला संकोच ठेवत नाही. आहेर ती स्वतःच घेऊन जाते. बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तिथून परस्पर 'वरपक्षाकडे' पोचतो. आपण पाचशेवर एक रुपया ठेवतो. इथे खात्यात तो एकही उरत नाही. शिवाय आता निमंत्रक तुम्हीच! तुमच्या नंबरावरून तीच पत्रिका शाळेच्या बॅचला, भिशीला, गणेशोत्सव मंडळाला, योगवर्गाला जाते. आमच्या ओळखीच्या एका ब्याऐंशी वर्षांच्या विधुर आजोबांच्या नंबरावरून ती अशीच सगळीकडे गेली. चौकशी कुणीही केली नाही. दोघांनी हात जोडून अभिनंदन कळवलं, एकाने 'उशिरा का होईना' असं लिहिलं आणि योगवर्गातल्या एक बाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

या धंद्याचा एक पूर्वजही मंगलच. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' असा विषय असलेली ईमेल जगभर फिरली. सोबतचं प्रेमपत्र उघडलं की फायलींची वाट लागायची आणि तेच प्रेमपत्र तुमच्या नावाने ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना जायचं, साहेबांना आणि त्यांच्या मिसेसनाही. फाइलच्या नावात आधी 'टीएक्सटी' होतं, मग 'व्हीबीएस'. विंडोज ते शेवटचं शेपूट लपवायचं. आता शेपूट उघड्यावर आहे, तरी कुणी बघत नाही. पंचवीस वर्षांत प्रकरण प्रेमपत्रावरून लग्नपत्रिकेपर्यंत आलं, म्हणजे मंडळी सुसंस्कृत आहेत. मुहूर्त संपले की तीच मंडळी गाडीच्या चलनाची एपीके पाठवतात. ती तर आपण आणखी घाईने उघडतो, कारण सिग्नल तोडल्याचं मनात असतंच.

मग बँकेत जावं. काउंटरवरचा मान वर न करता म्हणतो, 'ओटीपी तुमच्याच फोनवर गेला होता ना, काका?' इथे मात्र माझं डोकं फिरतं. अहो, माझ्याच खात्यातला माझाच पत्ता बदलायचा तर आधार आणा, वीजबिल आणा, फोटो आणा, वर सही जुळत नाही म्हणून पुन्हा या! जी सही जुळत नाही ती माझीच असते, हे मी शपथेवर सांगू शकतो. आणि पैसे ज्या खात्यात गेले, ते कुणी उघडून दिलं? कमिशनवर वापरायला दिलेली अशी खाती रात्रीतून लाखो रुपये इकडून तिकडे करतात, त्यांची केवायसी कुठल्या काउंटरवर झाली? चोराची सही बरी एका फटक्यात जुळते! प्रामाणिक माणसाला रांगेत उभं करायचं आणि चोरासाठी मांडव घालायचा, वर आम्हालाच 'सावध राहा' म्हणून एसएमएस धाडायचे. तो एसएमएसही आधी चोर वाचतो.

पैसे गेले तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते अडवता येऊ शकतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे पत्रिका पाठवणाऱ्याला आधी फोन करून विचारा, 'लग्न कुणाचं?' लग्न खरं निघालं तर सोयरे रुसतील. रुसू देत. रुसलेल्या सोयऱ्यांची समजूत काढायचा आपल्याला पिढ्यानपिढ्यांचा सराव आहे. बँकेची समजूत अजून कुणालाही काढता आलेली नाही.