टपावरच्या ओरखड्यांबद्दल जाहीर आभार

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील समस्त चारचाकी मालक,



मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, डेंटिंग-पेंटिंगवाला. दार, बंपर आणि मडगार्ड यांच्या कामाबद्दल तुमचे आभार मानायचं कारण नाही. ती कामं शहरातल्या रिक्षा आणि बोळ परस्पर पाठवतात. टपाचं तसं नाही. टपाला रिक्षा घासत नाही, खांब लागत नाही, गल्लीतल्या पोरांचा हात पोचत नाही. तिथं ओरखडा उमटायचा तर खुद्द मालकालाच कष्ट घ्यावे लागतात. ते आपण न कंटाळता घेता, म्हणून हे पत्र.

आपली पद्धत मी जवळून पाहिली आहे. नव्या पेठेत लोखंडी कपाट घ्यायचं. टेम्पोवाल्यानं भाडं सांगितलं की "एवढ्याशा अंतराला?" म्हणून त्याला वाटेला लावायचं. मग तेच कपाट दहा लाखांच्या गाडीवर चढवायचं. उचलून अलगद ठेवलं तर काय मजा? कपाटाचे पाय मागच्या काचेच्या वर टेकवायचे आणि पुढं सरकवायचं. एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला मेव्हणा, आणि "बसतंय की, ढकला!" म्हणायला लांब उभे असलेले काका. त्या एका ढकलण्यात माझ्या पोराची महिन्याची शिकवणी निघते.

आधी टप पुसत नाही, हे तर तुमचे उपकारच. आपल्याकडं सकाळी धुतलेल्या गाडीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. त्या धुळीत सिलिकाचे कण असतात आणि ते काचेहून कठीण असतात. टपावरचा चकाकणारा पारदर्शक थर, ज्याला आम्ही लॅकर म्हणतो, तो असतो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा; माणसाचा केससुद्धा बहुतेकदा त्याहून जाड भरतो. त्या थरावर ती धूळ आणि धुळीवर कपाट, म्हणजे निम्मं काम तुम्हीच करून आणता. काही हुशार मंडळी धुळीवरच कापड अंथरतात आणि गाडी सांभाळल्याच्या समाधानात होटगी रोडला लागतात. ते मला विशेष प्रिय. कापडाखाली अडकलेली धूळ घरी पोचेपर्यंत पॉलिश पेपरचं काम करत राहते.

तरी खरं सांगतो, कापडाची मला भीती वाटते. हे गाव चादरींचं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टर्किश टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पूर्वभागात जा, गल्लीगल्लीत यंत्रमागांची खडखड. घरी या, लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर आहेरात आलेल्या टॉवेल-टोप्यांची थप्पी. तो टॉवेल कुणी अंग पुसायला घेत नाही. तो या लग्नातून त्या लग्नात, त्या लग्नातून वास्तुशांतीला आणि तिथून सरपंचाच्या सत्काराला जातो. घडी मोडली तर आहेराला निकामी होईल म्हणून कोणी उलगडत नाही. एखाद्या वर्षी अशा टॉवेलांनी बंड करून गाडीच्या टपावर जायचं ठरवलं, तर मला गॅरेजला कुलूप लावून कडक भाकरीच्या धंद्यात पडावं लागेल. पण तसं होणार नाही, याची मला खात्री आहे. टॉवेलचे गठ्ठे टपावरून नेणारे व्यापारी मी पाहिलेत. आधी प्लॅस्टिक, वरून गोणपाट, त्यावर सुतळीचे टाके. टॉवेलला गाडीचा डाग लागू नये म्हणून एवढी काळजी! गाडीला टॉवेलच्या गठ्ठ्याचं काही लागेल, हा विचार या गावाला अजून शिवलेला नाही.

एस.टी.च्या टपावर माल जायचा तेव्हा ओरखड्यांचा प्रश्नच नव्हता. मागं शिडी, वर लोखंडी कॅरिअर. माल कॅरिअरवर बसायचा, पत्र्याला शिवायचा नाही. वडापवाल्यांचंही तसंच, आणि त्यातले जुने ड्रायव्हर तर माझे शत्रू. कॅरिअरच्या पायाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतात, तोही पुसून. ओझं टपाच्या मधोमध, जिथं पत्रा नुसता पसरलेला असतो, तिथं न टेकवता कडेला, खांबांच्या रेषेत घेतात. दोरी बांधल्यावर ओझ्याला हात लावून हलवून बघतात. हललं की सोडून पुन्हा बांधतात. त्यांना कुणी तरी सांगितलेलं दिसतं की ओरखडा वजनानं कमी आणि हलण्यानं जास्त पडतो. असली माणसं नवीन गाड्यांच्या मालकांना भेटू नयेत, एवढीच सिद्धरामेश्वराकडं मागणी.

दोरीच्या बाबतीत तुम्ही सुरेख प्रगती केली आहे. नायलॉनची पातळ दोरी, तीही कडेवर थेट. खाली कापडाची घडी नाही. गाडी धावू लागली की दोरी वाऱ्यानं थरथरते आणि करवतीसारखी एकाच जागी घासत राहते. गादी नेणारे तर दोरीच्याही पुढं गेले. उजव्या हातात स्टिअरिंग, डावीकडं बसलेल्या मेव्हण्याचा हात खिडकीतून बाहेर, गादीवर. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. पुणे-हैदराबाद महामार्गावर गादीखाली वारा शिरला की मेव्हण्याच्या पंजाचं काही चालत नाही. गादी मऊ, तिनं ओरखडा पडणार नाही, असं समजणाऱ्यांना तिच्या कडेची चेन मी मुद्दाम दाखवत नाही.

वजनाचं पान गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. बहुतेक छोट्या गाड्यांना टपावर साधारण पन्नास ते पंचाहत्तर किलोच चालतात, कॅरिअर धरून. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकसकट जपून ठेवता, तसंच ठेवा. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं मर्यादेबाहेर आलेल्या मालाला वीस हजारांचा दंड लावला आहे, हेही कुणाला सांगू नका. तो दंड भरल्यावर माझ्याकडं यायला पैसे उरत नाहीत.

आता थोडं कामाचं. टपावरून नख फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा लॅकरमध्येच आहे, कंपाउंड मारून जाईल. त्यात मला फार मिळत नाही. अडकलं तर रंग आला. आणि पत्रा दिसत असेल तर घाई करू नका, एक पावसाळा जाऊ द्या. गंज धरला की नुसता टचअप पुरत नाही, अख्खा टप मारावा लागतो. टपाला मध्ये जोड नसतो, त्यामुळं "एवढाच तुकडा करून द्या" हे चालत नाही, हे हिशेबाच्या वेळी आठवावं.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होईल. कपाटं, दिवाण, गाद्या, रुखवताच्या ट्रंका निघतील. पांढरा आणि सिल्व्हर रंग मी भरून ठेवला आहे.

आपला कृपाभिलाषी,
एक पेंटर, अक्कलकोट रोड

ता. क. गाड्या पुसायला आमच्याकडं कापड कायम कमी पडतं. आहेरातले टॉवेल चालतील. टोप्या नकोत.