बोट लावीन तिथे शिक्षण

नव्या बालवाड्यांच्या जाहिरातींत आता मातीत लोळणारी पोरं दिसत नाहीत, टच-स्क्रीन दिसते. तीन वर्षांचं मूल काचेवर ‘अ’ गिरवतं. बोट घसरलं तरी यंत्र टाळ्या वाजवतं आणि फी भरलेले पालकही. काचेवरचा पेरू तर फारच सोयीचा. चिरता येतो, वास येत नाही, बिया दातांत अडकत नाहीत. (पोट भरत नाही, पण ते काम डब्याचं.)

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा साधनं कसली, तर शिंपले, पानं, बिया! ना चार्जर, ना अपडेट. २०२३ मध्ये स्वीडनच्या सरकारनेही बालशाळांतली डिजिटल साधनांची सक्ती काढायचं ठरवलं. प्रगत देशही असे घसरतात. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको. आमच्याकडे तो तास घरी वरणभात भरवतानाच संपतो.

तेव्हा पालकहो, प्रवेश घेताना स्क्रीन किती इंचांची ते जरूर विचारा. जमलंच तर वाळूचा हौद कुठे आहे, तेही विचारा.