धामापूरची मोजणी

पक्षीनिरीक्षणाला शांतता लागते असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती पुस्तकं लिहिणारा कोणी मालवण तालुक्यात दुर्बीण घेऊन उभा राहिलेला नसावा. इथे गळ्यात दुर्बीण घालून पहाटे स्कूटर काढली की भरड नाक्यावरच पहिला प्रश्न येतो, "खंय?" धामापूर म्हटलं की दुसरा, "कोणाकडे?" तळ्याकडे, हे उत्तर कुणालाच पटत नाही. माणूस माणसाकडे जातो. तळ्याकडे कोण जातं?

चौके ओलांडलं की काजूचा वास सुरू होतो. पावशा मार्चातच 'पेर्ते व्हा' करून घसा फोडत असतो. पाऊस यायला अजून अडीच महिने, आणि इथल्या माणसाला बोंडू पिळून बी वेगळी करण्यातून मान वर काढायला सवड नाही. सरकारी योजनासुद्धा इतक्या अवेळी जाहीर होत नाहीत.

धामापूरचं तळं १५३० सालचं. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांच्या मधे बांध घालून ते अडवलं. २०२० साली त्याला आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाचा वारसा दर्जा मिळाला. गावाला याहून मोठा अभिमान भगवतीच्या दागिन्यांचा. लग्नघरच्यांनी परडीत फुलं घालून पाण्यात सोडायची आणि तळ्याने सोन्याचे दागिने वर द्यायचे, अशी सोय होती म्हणतात. कोणी तरी दागिने परत केले नाहीत आणि सोय बंद पडली. तेव्हापासून काठावर कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या परक्याकडे गाव जरा निरखूनच बघतं.

पाणकावळा, टिबुकली, खंड्या अशी नोंद चालली होती. मागून खाकरणं ऐकू आलं.

"मोजणीचे काय?"

"नाय हो काका. पक्षी बघतंय."

"मगे कागद कित्याक?"

"नोंद करूक."

"सातबाऱ्यार?"

एवढ्यात पलीकडच्या वडावर कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस शिरावं तसा कालवा उठला. मलबारी कवड्या धनेश! पिवळी चोच, तिच्यावर काळं-पिवळं शिंग, आणि वडाच्या फळांवरून चाललेली भाऊबंदकी. डोळ्याभोवतीची कातडी फिकट असेल तर ती मादी, काळपट असेल तर नर. या दिवसांत दिसतात ते बहुतेक नरच, कारण माद्या ढोलीत अंडी घालून बसलेल्या असतात.

काजूची टोपली घेऊन चाललेल्या एका काकींनी माझ्या दुर्बिणीची दिशा बघितली. "त्यो गरुड. आमच्या परड्यातल्या आंब्यार तेचा घर आसा. बायल भोकात बसता आणि आपणाकच लिपून घेता. चोच भायर काढूक फट तेवढी ठेवता. घो भायरसून फळां हाडून भरवता."

"रोज?"

"रोज! एक दिस चुकणा नाय." टोपली दुसऱ्या कमरेवर घेत त्या म्हणाल्या, "आमचो मुंबयक गेलो तो गणपतीक येता. ता पण तिकीट गावला तर."

पुस्तकात ही माहिती चार पानं घेते आणि गणपतीचा उल्लेखही नसतो. ढोली लिंपायला मादी प्रामुख्याने स्वतःची विष्ठा वापरते, हे मी सांगितल्यावर काकींनी नाक मुरडलं खरं, पण "मुंबयची खोली तरी खंय मोठी असता," अशी तिची बाजूही लगेच घेतली.

काका मात्र अजून कागदावरच अडकले होते. चष्मा वर करून त्यांनी वही वाचली.

"ही वरची वाडी, ही आमची?"

"होय."

"थंय गरुड किती लिवलास?"

"सात."

"आणि हयसर?"

"पाच."

त्यांनी वडाकडे बघितलं, मग वरच्या वाडीच्या दिशेने बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आठ लिवा. तीन पाणी पिऊक गेलेत."